जनरल नोंगचा तारमास्तर

११ जानेवारी, रविवार

पेटी मिळाली! पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तीन महिने ग्रेसच्या मागे लागले होते. आज तिनं तो आपणहून हातात ठेवला आणि म्हणाली, सावकाश चालव, रस्त्यावर बर्फ आहे. काळजी डब्याची, माझी नाही. बरोबरच आहे.

आत कामाची वस्तू एकच — खिशात मावणारी डायरी. १९२९ सालची, ग्रेसचे वडील मिस्टर लिआंग यांच्या वडिलांची. ते जनरल नोंगचे तारमास्तर होते. हा नोंग दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातला. साडेतीन हजार बंदुका, दोन जिल्हे आणि नदीचा एक काठ. पलीकडच्या काठावर जनरल थान, त्याच्याकडेही साधारण तेवढंच. दोघं एके काळचे शपथेचे भाऊ, कोंबड्याचं रक्त दारूत घालून प्यायलेले. मग अफूच्या होड्यांवर कर कोणी घ्यायचा यावरून फाटलं. आज जगात या दोघांची नावं ठाऊक असलेली माणसं तीन: मी, माझ्या गाईड आणि मिस्टर लिआंग. त्यातही गाईडना माझ्यामुळे ठाऊक.

मिस्टर लिआंग पुढच्या महिन्यात शहाण्णव पूर्ण करतील. मी मनात त्यांना आजोबाच म्हणते. हीटरशेजारी ब्लँकेट घेऊन बसले होते. डोळे जवळपास गेलेत. चहा झाल्यावर त्यांनी सगळी हकिकत सांगितली, पाठ केल्यासारखी.

ऑगस्ट १९२९. नोंग रात्री नदी ओलांडून पलीकडचं गाव घेणार होता. कोणीतरी थानला तार केली. होड्या मधोमध आल्या आणि पलीकडून मशिनगन सुरू झाल्या. चारशे माणसं गेली. पहिल्या होडीत आजोबांचा मामा होता, अठरा वर्षांचा. बहिणीकडे राहायचा, म्हणून नोंगच्या फौजेत लागला. महिन्याभरानं नोंगनं तारमास्तराला गद्दार ठरवून गोळी घातली. आजोबा तेव्हा आईच्या पोटात. भाऊबंदांनी वंशावळीतून नाव खोडलं. आई त्यांना घेऊन हाँगकाँगमार्गे इथे आली आणि १९७१ साली इथेच शिकागोत वारली. जन्मभर एकच सांगत राहिली — तुझे वडील निर्दोष होते. तिच्या थडग्याच्या दगडाचे दोन भाग आहेत. उजवीकडे तिचं नाव. डावीकडे काही नाही. पंचावन्न वर्षं.

"माहीत नसताना कोरणार नाही," आजोबा म्हणाले. "तार त्यांनी केली असेल, तर तिच्या भावाला त्यांनीच मारलं. मग तिच्या शेजारी त्यांना ठेवता येणार नाही. केली नसेल, तर मी फार उशीर केलाय. तुम्ही वाचा, आणि मला फक्त एवढं सांगा."

आईच्या मागे हा डबा त्यांना सापडला होता. तेव्हा डोळे चांगले होते. चार पानं वाचून झाकण लावलं, म्हणे. पुढे धीर झाला नाही. मी हो म्हणून बसले. इतिहासकारानं असं हो म्हणायचं नसतं.

१८ जानेवारी, रविवार

अक्षर बारीक, पण स्वच्छ. तारमास्तर शब्द वाया घालवत नाही. "पाऊस. तारा तुटल्या." "जनरलसाहेबांनी आज चौघांना बडवलं." "तिला आंबट खावंसं वाटतं." एका दिवसाला एक ओळ, फार तर दोन.

थानकडे आलेली ती तार माझ्याकडे वर्षभरापासून आहे, मायक्रोफिल्मवर. चिनी अक्षर तारेनं जात नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला चार आकडी नंबर, आणि तारमास्तर नंबर पाठवत बसतो. तार केली कोणी ते नाव नाही. निघाली मात्र नोंगच्याच तारघरातून, १२ ऑगस्टच्या रात्री. मजकूर तीन ओळी: "परवा रात्री. पहिल्या होड्या वरच्या घाटावरून. गावातली माणसं आधी हलवा." तिसऱ्या ओळीवर मी गाईडशी भांडले होते. पैशासाठी फितणाऱ्याला गावातल्या माणसांची कशाला पडली असेल? गाईड म्हणाल्या, आपण किती भले आहोत ते दाखवायला. मला पटलं नाही, पण दुसरं उत्तरही माझ्याकडे नव्हतं.

तारघराची किल्ली एकट्या तारमास्तराकडे. म्हणून नोंगनं दुसऱ्या कोणाला विचारलंसुद्धा नाही.

२१ जानेवारी, बुधवार

दिवसभर नोंग-थानच्या जाहीर तारा. हे लोक आधी एकमेकांना शिव्या द्यायचे तारेनं, आणि त्या तारेच्या प्रती देशभरच्या वर्तमानपत्रांना. नोंग म्हणतो, जनतेचे हाल बघवत नाहीत म्हणून मी शस्त्र उचलतो. थान म्हणतो, जनतेचे हाल बघवत नाहीत म्हणून मी प्रतिकार करतो. हरायला लागला की प्रत्येकाची तब्येत बिघडते आणि तो राजीनामा देऊन डोंगरात पुस्तकं वाचायला जातो. तीन महिन्यांनी बरा!

इथल्या वर्गातल्या मुलांना हे अजब वाटतं. मला नाही वाटत. मी नागपुरात इंदोऱ्यात वाढले. आमच्या बाबांचा पक्ष मी दहावीला जाईपर्यंत चारदा फुटला होता. बॅनरवर कोणाचा फोटो लहान झाला आणि कोणाचा गेला, यावरून मी पुढचा गट सांगायचे. बाबा हसायचे. प्रत्येक फुटीत कोणीतरी गद्दार लागतोच, आणि तो नेहमी सतरंज्या उचलणाऱ्यांतलाच निघतो, पुढाऱ्यांतला कधीच नाही. तारमास्तराबद्दल माझं मत आधीच झालं होतं, हे इथे लिहून ठेवते.

७ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!! डायरीतली शेवटची नोंद: "आठव्या महिन्याची बारा. वूचौ. बॅटऱ्या आणि तार खरेदी. उद्या परत निघतो." वूचौ म्हणजे होडीनं दोन दिवस खाली. १२ ऑगस्टच्या रात्री माणूस तारघरात नव्हताच! किल्ली मागे कोणाकडे तरी देऊन गेला असणार. परत आला आणि आयता सापडला.

संघमित्राला उठून सांगायला गेले. ती माझी घरातली जोडीदारीण, नांदेडची, विमा कंपनीत कामाला. टॅक्सचे कागद पसरून बसली होती. म्हणाली, "म्हणजे तू शंभर वर्षांनी केस जिंकलीस यार. आता पार्टी दे." भाजी मी केली, तीच पार्टी. दोघी खूप हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

गाईडचा ईमेल. चार ओळी, त्यात दोनदा "अप्रतिम". एका नियतकालिकानं माझा जो लेख स्वीकारलाय, त्यात हे घालायला सांगितलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजोबांना सांगितलं. परवा त्यांचं नवीन वर्ष, घर लाल कागदांनी भरलेलं. मी डायरीतली ती ओळ त्यांना चिनीत वाचून दाखवली. माझे उच्चार वाईट, म्हणून ग्रेसनं पुन्हा वाचली.  आजोबांनी हात पुढे केला, डायरी मागितली, ते पान गालाला लावलं. मग रडले. शहाण्णव वर्षांचा माणूस एवढं रडतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, नुसतं पाणी.

थोड्या वेळानं म्हणाले, आईवर माझा पुरता विश्वास नव्हता. तिनं हजारदा सांगितलं आणि मी हजारदा मान हलवली.

दगडवाल्याला ते उद्याच फोन करणार. ५ एप्रिलला त्यांचा छिंगमिंग — घरातल्या गेलेल्या माणसांची थडगी झाडून पुसून नैवेद्य ठेवायचा दिवस. त्याआधी नाव कोरून हवं. मला यायचं आमंत्रण. निघताना ग्रेसनं मिठी मारली. मी फार खूश आहे. इतिहास शिकून कोणाचं कधी भलं झालंय?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक फोटो सापडला. १९३१. नोंग आणि थान एका कोचावर, गुडघ्याला गुडघा. समेट झाला! वरच्या कुठल्या तरी बड्याशी दोघांना मिळून लढायचं होतं. थानच्या हातात सिगरेट, नोंग काडी पेटवून देतोय. चारशे माणसं नदीच्या तळाशी जाऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

३ मार्च, मंगळवार

क्रमानं लिहिते.

सकाळी आईचा फोन. तिकडे संध्याकाळ. अगं उपासना, आज पौर्णिमा आहे, वंदना घेतली का, असं नेहमीचं. शेजारच्या काकू ग्रहण म्हणून सकाळपासून उपाशी आहेत आणि आपण गच्चीवर भजी तळून ग्रहण बघणार, हे सांगून हसली. मग म्हणाली, काल रात्रीच चंद्र एवढा मोठा होता की अंगणातून समोरच्या गल्लीतला नळसुद्धा दिसत होता.

मी हो-हो करत होते आणि मधेच थांबले. हे मी वाचलंय. तारमास्तराच्या डायरीत: "सातव्या महिन्याची चौदा. चंद्र जवळपास पूर्ण. अंगणातून पलीकडचा काठ दिसतो."

फोन ठेवला. १४ जुलै १९२९ चा चंद्र बघितला. अर्धा. अर्धाच!

तो जुन्या तारखा लिहीत होता. चंद्राच्या. त्या वर्षी सरकारनं जुन्या पंचांगावर बंदी आणली होती, तारखात्यात सगळं नव्या तारखेनं चालायचं, म्हणून सरकारी माणसाची तारीख सरकारीच असणार — असं मी धरून चालले. त्यावर तळटीपसुद्धा लिहिली, मोठ्या ऐटीत! आमच्या घरी सगळा कारभार इंग्रजी तारखेनं आणि वंदना मात्र पौर्णिमेला. तरी माझ्या डोक्यात आलं नाही की दिवसभर नव्या तारखांच्या तारा पाठवणारा माणूस घरी येऊन जुनीच तारीख लिहील.

जुनी तारीख महिनाभर मागे चालते. त्याची "आठव्या महिन्याची बारा" म्हणजे १४ सप्टेंबर. वूचौला तो महिन्यानंतर गेला होता. आणि १२ ऑगस्ट म्हणजे त्याची "सातव्या महिन्याची आठ".

ती ओळ मी शंभरदा वाचली असेन. "ताप. तारघरातच आहे. काम अडलं नाही."

४ मार्च, बुधवार

पुढच्या ओळी इथे उतरवते. मी यांना जुलैतल्या समजून सोडून दिलं होतं.

नऊ: "धाकट्याला आज होड्यांच्या तुकडीत घातलं." (धाकटा म्हणजे तिचा भाऊ.)
दहा: "रात्री निघाले."
अकरा: कोरी.
बारा: कोरी.
तेरा: "ती खात नाही. नदीवर जाऊन बसते."

हे मी गरोदरपणाच्या उलट्यांच्या खात्यात टाकलं होतं. बाई जेवत नाही, पोटुशी आहे, झालं. तारमास्तरानं आठला तार केली, तेव्हा मेहुणा होडीत नव्हता. नऊला कळलं. तार मागे घेता येत नाही.

९ मार्च, सोमवार

गाईडना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. लेख आज दुपारीच मागे घ्यायचा, प्रबंधातलं प्रकरण नव्यानं लिहायचं, त्याची तोंडी परीक्षा मेऐवजी ऑगस्टमध्ये. आणि लिआंग कुटुंब? "तो तुझा खासगी प्रश्न आहे," म्हणाल्या. तू त्यांना निकाल द्यायलाच नको होतास, हे बोलल्या नाहीत.

लेख मागे घेतला. त्याला दहा मिनिटं लागली.

१४ मार्च, शनिवार

आजोबांकडे नाही गेले. सर्दी झालीय असं ग्रेसला कळवलं. सर्दी नाही.

१७ मार्च, मंगळवार

संघमित्राशी भांडण. तिचं म्हणणं, गप्प बस. "तो माणूस अजून किती दिवस आहे? सहा महिने? त्याला शांत जाऊ दे ना. नोंग मेला, थान मेला, तुझा इश्यू काय आहे?" मी म्हटलं, त्यांनी मला खरं काय ते विचारलं होतं. ती म्हणाली, त्यांनी नाही विचारलं, त्यांनी बरं वाटेल असं काहीतरी मागितलं होतं, आणि तू ते दिलंस.

मला तिचं पटलं असतं. पण ते म्हणाले होते, माहीत नसताना कोरणार नाही. पंचावन्न वर्षं तो दगड अर्धा ठेवणारा माणूस बरं वाटायला कोरत नाही. आणि मामा? अठराचा होता. त्याच्या बाजूनं कोण बोलणार?

हे लिहिलं तेव्हा शूर वाटलं. फोन मात्र केला नाही.

२१ मार्च, शनिवार

ग्रेसनं फोटो पाठवला. नाव कोरलं. अक्षरं पांढरीशुभ्र, शेजारची आईची काळपट. खाली तिनं लिहिलंय की डॅड रोज हा फोटो मागतात, दिसत नाही तरी.

मी भेकड आहे. अठरा दिवस झाले.

२८ मार्च, शनिवार

सांगितलं.

आधी ग्रेसला एकटीला सांगायचं ठरवलं होतं, पण आजोबा दारातच वॉकर धरून उभे. डॉक्टर आल्या, म्हणाले. मी अजून डॉक्टर नाही, हे त्यांना दहादा सांगून झालंय. आत बसले आणि एका दमात बोलून टाकलं. चंद्र, तारखा, वूचौ, आठव्या दिवसाची ओळ. माझी चूक आहे हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

मग प्रश्न. अगदी शांतपणे, ते ज्या कंपनीत पूल आखायचे तिथे हिशेब तपासावेत तसे. किल्ली दुसऱ्या कोणाकडे होती का? नाही. त्या रात्री ते तारघरात होते, हे नक्की? त्यांनीच लिहिलंय. मामाला होडीत कधी घातलं? दुसऱ्या दिवशी.

"म्हणजे तार करताना त्यांना माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"पण दुसरे चारशे होतेच," ते म्हणाले.  मग ग्रेसला म्हणाले, "दगडवाल्याला सांग, घासून टाक."

ग्रेस मला गाडीपर्यंत सोडायला आली. थंडीत कोट न घालता. ती ओरडली नाही. इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली की सहा आठवडे तो माणूस आनंदात होता, छप्पन्न साली ती जन्मायच्या आधीपासून कधी नव्हता तेवढा, आणि तुला गप्प बसायला काय खर्च येत होता?  मी डबा आणि डायरी पुढे केली. तिनं घेतली नाही. डॅड म्हणाले तुमच्याकडेच ठेवा, म्हणाली.

३१ मार्च, मंगळवार

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. "तार करणारा: लिआंग, तारमास्तर." एवढंच लिहून दिवसभर बसले.

५ एप्रिल, रविवार

मला वाटलं होतं आमंत्रण आपोआप रद्द. पण काल आजोबांनी स्वतः फोन करून सांगितलं, या. ग्रेसनं गाडी चालवली, मी मागे. पाऊस नव्हता, पण वारा हाडात शिरत होता. दफनभूमी भरलेली. चिनी कुटुंबं, झाडू, बादल्या, उकडलेल्या कोंबड्या, संत्री. आमच्या घरी पितृपक्ष नाही, मला यातलं काही येत नाही. मी बादली धरली.

दगडाच्या डाव्या बाजूला आता कोरं नाही. घासलेला खड्डा आहे, तळहाताएवढा खोल नाही पण बोट फिरवलं की कळतो. आजोबांनी फिरवलं. मग आईच्या नावापुढे तीन उदबत्त्या लावल्या, संत्री मांडली. वडिलांसाठी काही नाही. ग्रेस जरा दूर जाऊन उभी राहिली.

वॉकरच्या सीटवर बसून ते आईबद्दल बोलायला लागले. माझ्याशी की दगडाशी, कळेना. ती मऊ नव्हती, म्हणाले. कडक होती. हाँगकाँगमध्ये रात्रंदिवस शिवण केलं. शेवटी हॉस्पिटलात शुद्ध नव्हती, तरी बोटं पलंगाच्या लोखंडावर टकटकत राहायची. नर्सला वाटे, काही हवंय. तिला चार आकडी नंबर पाठ होते, हजारो. लहानपणी अक्षर विचारलं की आधी नंबर सांगायची.

मी विचारलं, त्यांनी शिकवले का? तारमास्तरांनी?

"हो. एकदाच सांगितलं होतं तिनं. त्यांना दर पावसाळ्यात हिवताप यायचा. ते तारघरात बाकावर कुडकुडत पडायचे आणि ती यंत्रावर बसायची, म्हणजे साहेबांना कळू नये. म्हणायची, माझा हात त्यांच्यापेक्षा जलद..."

तिथेच थांबले.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. ताप. तारघरातच आहे. काम अडलं नाही. हे मी त्यांना आठ दिवसांपूर्वी वाचून दाखवलं होतं.

वाऱ्यानं एक उदबत्ती विझली. ती पुन्हा लावायला ते उठले नाहीत.  मग म्हणाले, घरी चला.

त्यांना घरात सोडून ग्रेस मला माझ्या गाडीपर्यंत पोचवायला आली, तेव्हा मी विचारलं, तुझी आजी, त्यांची आई, मूळची कुठली? इतकी वर्षं या दोन काठांवर काम करतेय आणि हा प्रश्न मी विचारला नव्हता. ग्रेस म्हणाली, नदीपलीकडच्या गावची. लग्न होऊन अलीकडे आली. तिचे आईवडील, बहिणी, सगळे तिकडेच होते. भाऊ तेवढा इकडे.

गावातली माणसं आधी हलवा.

तिनं माहेर वाचवलं. भावाला दुसऱ्या दिवशी होडीत घालतील, हे तिला कुठून माहीत? आणि नवऱ्यानं महिनाभर सगळं पाहिलं, तिला नदीवर बसलेली पाहिलं, डायरीत एक अक्षर लिहिलं नाही आणि तिच्या जागी गोळी खाल्ली. ती पोटुशी होती. नंतर बेचाळीस वर्षं ती मुलाला सांगत राहिली की ते निर्दोष होते, आणि हे इतक्या खात्रीनं सांगू शकेल असं माणूस जगात दुसरं नव्हतं.

९ एप्रिल, गुरुवार

ग्रेसचा फोन. डॅडनी दगडवाल्याला परत बोलावलंय. वडिलांचं नाव पुन्हा कोरायचं, खड्ड्यातच, आईच्या शेजारी. कारण सांगत नाहीत. विचारलं तर हात वर करतात. तिनं रागानंच विचारलं, तू त्यांना आता आणखी काय सांगितलंस?

काहीच नाही, म्हटलं. खरंच काही सांगितलेलं नाही.

प्रकरण उघडलं. "तार करणारा: लिआंग, तारमास्तर" हे खोडलं. त्या जागी लिहिलं, "माहीत नाही".